ताडपत्रीमागचा आवाज

वाघोली,
१९ नोव्हेंबर २००१

सौ. सरोजिनीबाई आगाशे यांना मुक्ताईचा नमस्कार.

कोण मुक्ताई, असं वाटंल. एकाहत्तर साली खडकीहून जवानांच्या करमणुकीसाठी जे पथक सरहद्दीवर गेलं, त्यात तुमी भावगीतं गायला व्हता आन् मी लावणीला. तमाशातली एकलीच मी. बाकीच्या बायका माझ्याकडं पाठ करून बसायच्या. तुमी तेवढं जवळ बोलावलंत आन् गाडीत दोन दिवस मला क ख ग गिरवायला लावलंत. त्याच अक्षरानं आज लिहितेय. काही चुकलं तर शिकवणारीनं सांभाळून घ्यावं.

फोन करता आला असता. माझ्या नातीनं, सोनूनं, तुमचा नंबर सुदिक मिळवला. पर मला बोलता येत न्हाई. तीन वर्षं झाली, गळ्याचं आपरेशन झालं. जीव वाचला, आवाज काढून टाकला. गळ्याला भोक हाय, तिथनं श्वास घेते. हो म्हणायचं तर मान हलवते, न्हाई म्हणायचं तर टाळी वाजवते.

पेपरात वाचलं की तुमच्या मुलाची कंपनी त्या वक्ताची टेप नवीन करून तिची सीडी काढतेय. सोळा डिसेंबरला, लढाईला तीस वर्षं झाली म्हणून. ‘जवानांची ताई सरोजिनी आगाशे यांचा अजरामर आवाज’ असं छापलंय. फोटू चांगला आलाय. चष्मा नवा दिसतो.

बाई, त्या टेपवर लावणी गाणारा आवाज कुणाचा, ते तुमाला ठावं हाय आन् मला. तिसरं कुणी उरलं न्हाई. पथकाचे चिटणीस रंगनाथराव गेले, माझा ढोलकीवाला दशरथ गेला. मला भांडण करायचं न्हाई, आता तेवढा दम बी न्हाई. सोनू तेवीस वर्षांची हाय. ती कळती झाली तवर माझा फड सुटला व्हता. तिनं मला गाताना कधी ऐकलं न्हाई.

दोन गोष्टी मागते. त्या टेपची एक कॅसेट मला द्या. आन् त्या दिवशी स्टेजवर एकदा, एकदाच, सांगा की हा आवाज मुक्ताईचा हाय. मग सीडी तुमच्या नावानं विका न्हाईतर फुकट वाटा, मी मधे येणार न्हाई.

तुमची,
मुक्ताई


कोथरूड, पुणे,
२७ नोव्हेंबर २००१

श्रीमती मुक्ताबाई यांस,
स. न. वि. वि.

आपले पत्र पोचले. अक्षर बरेच सुधारले आहे. वेलांट्यांकडे अजून लक्ष हवे.

प्रकृतीविषयी वाचून वाईट वाटले. आपण पथकात होतात हे मला पूर्ण स्मरते. आपल्या मिश्रीच्या वासाने डब्यातल्या दोघींना मळमळले होते, त्यामुळे विसरण्याचा प्रश्नच येत नाही.

टेपविषयी लिहिलेत त्याबद्दल. तीस वर्षे हा लहान काळ नव्हे, आणि माणसाच्या आठवणी आपापल्या सोयीने बदलत जातात. त्या कार्यक्रमाला अनेकांनी अनेक प्रकारे हातभार लावला. सीडीच्या वेष्टनावर ‘आणि इतर सहकलाकार’ असे छापलेले आहेच. त्याहून अधिक काही करणे आता शक्य दिसत नाही. माझा मुलगा आनंद म्हणतो की छपाई पूर्ण झाली आहे.

सोबत एक इरकली साडी पाठवत आहे. दिवाळीची समजावी. तसेच कार्यक्रमाच्या दोन प्रवेशिका जोडल्या आहेत. बाल्कनीतल्या आहेत, परंतु तिथून ऐकू छान येते.

नातीस आशीर्वाद.

सौ. सरोजिनी गोपाळकृष्ण आगाशे


वाघोली,
३ डिसेंबर २००१

बाई,

साडी परत पाठवतेय. घडी मोडलेली न्हाई, दुकानदार घेईल. पास तेवढे ठेवले.

आठवणी सोयीनं बदलतात म्हणता. मग माझी एक गैरसोयीची आठवण ऐका. एकोणतीस नोव्हेंबर. पठाणकोटच्या पुढं, झाडीत तंबू. दोन ट्रक पाठीला पाठ लावून स्टेज केलेलं. थंडीनं तुमचा घसा बसला व्हता. सकाळधरनं गरम पाणी पीत व्हता तरी ‘सा’ निघंना. इकडं मराठी पोरांनी साहेबाकडं मागणं केलेलं, भावगीतं बास झाली, आता लावणी पायजे. आन् नेमकं त्याच दिवशी मोठे साहेब फोटूवाल्याला आन् रेडिओच्या टेपवाल्याला घेऊन येणार. रंगनाथराव मला म्हणले, ‘मुक्ते, साहेबांपुढं तमाशाची बाई उभी केली तर पुण्याची कमिटी माझं डोकं भादरंल. तू ताडपत्रीमागं बसून गा. पुढं सरोजिनीताई उभ्या राहतील.’ माझं नऊवारी मी तुमाला नेसवलं. माझे चाळ तुमच्या पायाला बसंनात, तर दशरथानं सुतळीनं बांधले. मी मागं राकेलच्या डब्यावर बसले, माईक हातात धरून.

हितवर ठीक व्हतं. पर फडाची रीत तुमाला ठावी न्हवती. गाणं रंगलं की ऐकणारा उठतो, रुपया देतो, आपलं नाव-गाव सांगतो. त्याला दौलतजादा म्हणतात. गाणारीनं गाणं थांबवून त्याचं नाव पुकारायचं, दिलेलं कपाळाला लावायचं आन् मग पुढची ओळ उचलायची. नाव घेतल्याबिगर कुणाचं काही घ्यायचं न्हाई, ही माझ्या आईची शिस्त. त्या पोरांकडं तिथं रुपये कुठले? एकानं बिडीचं बंडल आणलं. एकानं शर्टाचं बटण तोडून पुढं केलं. लोणी काळभोरचा भैरू आला, त्यानं आईनं दिवाळीला पोस्टानं धाडलेला लाडू आणला. तुमाला वाटलं, पोरं वाह्यातपणा करतायत. तुमी हात मागं घेतलात. ताडपत्रीच्या फटीतनं मला दिसलं, त्याचं तोंड एवढंसं झालं. म्हणून मी आतनं हाक दिली, ‘लोणीचे भैरू काळभोर यांच्याकडून एक लाडू, मंडळ शतशः आभारी हाय!’ पोरांनी टोप्या उडवल्या. मग रांगच लागली. सतरा नावं घेतली मी. तुमी पुढं उभ्या राहून ओठ हलवत व्हता, ते सुदिक चुकीचे.

चार दिवसांनी लढाई लागली. सतरातली नऊ पोरं गेली. भैरू पहिल्याच दिवशी.

टेप रेडिओवर लागली तवा नाव तुमचं लागलं. मी काही बोलले न्हाई. तमाशातल्या बाईचं ऐकतंय कोण? आन् खरं सांगू, मला तवा कमी काय पडत व्हतं? आवाज माझ्या गळ्यातच व्हता, रोज गात व्हते. आता गळ्यात न्हाई. त्या टेपवर हाय तेवढाच माझा उरलाय, आन् त्याला तुमचं नाव चिकटलंय.

सोनू कॉल सेंटरात लागलीय. तिथं तिचं नाव सामंथा. अमेरिकेच्या लोकांशी सामंथा म्हणून बोलते, पर घरी आली की चप्पल काढायच्या आधी सोनू होते. तुमी घरी आल्यावर कोण असता, ते एकदा लिहा. उत्तराची वाट बघते.

मुक्ताई


कोथरूड, पुणे,
८ डिसेंबर २००१

मुक्ताबाई,

साडी मिळाली. पार्सल नीट बांधायला हवे होते. जिन्यातच सुटले आणि शेजारच्यांनी पाहिले.

आपला सूर मला आवडलेला नाही. तरी उत्तर देते, कारण आमच्याकडे पत्र अनुत्तरित ठेवण्याची पद्धत नाही. आपण लिहिले तसेच सर्व घडले असे मी म्हणणार नाही. घडलेच नाही, असेही म्हणत नाही. पण माझा थोडा विचार करा. तीस वर्षे मी शाळाशाळांतून पंधरा ऑगस्टला त्या दौऱ्यावर बोलते आहे. माझ्या थोरल्या दिरांची नात अस्मिता हिने यंदा माझ्यावर निबंध लिहून बक्षीस मिळवले. सोळा तारखेला व्यासपीठावर निवृत्त लष्करी अधिकारी असतील, समोर वीरमाता असतील. त्यांच्यादेखत मी ‘तो आवाज माझा नव्हे’ असे म्हणू? आणि मग चहा घेऊ?

तथापि, मी भाषणात आपला योग्य तो उल्लेख करीन. शब्द देते. आपण शांतपणे येऊन बसावे आणि गोंधळ करू नये, एवढीच अपेक्षा.

टेपची काळजी नसावी. आनंदच्या कंपनीतल्या मुलांनी संगणकावर बसून सगळी खरखर, शिट्ट्या, खोकले पुसून काढले आहेत. मूळ टेपपेक्षा कितीतरी स्वच्छ झाली आहे. ऐकून आपल्यालाही समाधान वाटेल.

सौ. सरोजिनी आगाशे


वाघोली,
१८ डिसेंबर २००१

बाई,

आले व्हते. सोनूनं सुट्टी काढली. बाल्कनीतनं ऐकू छान येतं, हे तेवढं खरं लिहिलंत.

तुमचा योग्य तो उल्लेख बी ऐकला. ‘लोककलेच्या परंपरेतील काही भगिनींचेही मोलाचे सहकार्य लाभले.’ सोनूनं कानात विचारलं, आजी, यातली तू कंची? मी टाळी वाजवली. आजूबाजूच्यांनी बी वाजवली. त्यांना वाटलं, म्हातारीला भाषण आवडलं.

मग दिवे घालवून सीडी लावली. बाई, माझा आवाज. भिंतीएवढ्या पेट्यांतनं माझा आवाज आला. तेहतीस वर्षांची मुक्ताई गात व्हती, खणखणीत. सोनू रडाया लागली. ते एवढं मला मिळालं, तुमच्या मुलाचे उपकार. पहिलं कडवं संपलं आन् मी भैरूच्या नावाची वाट बघाया लागले. तर सरळ दुसरं कडवं आलं. मग तिसरं. म्हणलं आता येईल, मग येईल. गाणं संपलं, टाळ्या झाल्या. सतरातलं एक नाव न्हाई.

पुढं काय झालं ते तुमाला सांगायला नको, पर वरनं कसं दिसलं ते ऐका. पहिल्या रांगेतनं एक म्हातारी उठली. भैरूची आई. पेपर ऐकून लोणीहून बशीनं आली व्हती. म्हणली, ‘ताई, मधे माझ्या पोराचं नाव व्हतं. रेडिवर ऐकल्यालं म्या. कुठं गेलं?’ तुमचा मुलगा माईकवर हसून म्हणला, ‘आजी, मधे ओरडाओरडा होता, तो डिस्टर्बन्स आम्ही क्लीन केलाय.’ म्हातारीला त्यातलं काही कळलं न्हाई. तिनं हात जोडले. ‘मग तुमी घ्या की ताई. तवा बी तुमीच घेतलं व्हतं.’

आन् तुमी घेतलंत. ‘भैरू काळभोर, लोणी काळभोर.’ शाळेत हजेरी घेतल्यासारखं. म्हातारी म्हणली, ‘ह्यो आवाज न्हाई.’ आन् खाली बसली. निवेदन करणाऱ्या पोरीनं घाईघाईनं पुष्पगुच्छ सुरू केले.

मी त्या वक्ताला उभी व्हते. कवा उठले मलाच ठावं न्हाई. तोंड उघडलं, छाती भरून घेतली, जशी तवा भरून घेतली व्हती. गळ्याच्या भोकातनं नुसता वारा आला. मागचा माणूस म्हणला, ‘आजी, खोकला येत असेल तर बाहेर जाऊन बसा, लोकांना ऐकू द्या.’

मला आता कॅसेट नको, उल्लेख नको. मूळ टेप द्या. ती नावं असलेली. ती घेऊन मी लोणीला जाते आन् त्या बाईला ऐकवते. तिच्या पोराचं नाव ओरडाओरडा न्हवतं.

मुक्ताई


कोथरूड, पुणे,
६ जानेवारी २००२

मुक्ताबाई,

उत्तराला उशीर झाला. तीन पत्रं लिहून फाडली. हे फाडणार नाही.

टेप नाही. तुमचं पत्र आल्याबरोबर आनंदला विचारलं. तो म्हणाला, ‘आई, सगळं संगणकात घेतल्यावर ते जुनं रीळ ठेवून काय करायचं होतं? ऑफिस हलवलं तेव्हा टाकून दिलं.’ संगणकात तरी नावं असतील, म्हटलं. तर त्यांनी फक्त साफ केलेलं ठेवलं आहे. म्हणजे मीच ‘स्वच्छ झाली’ म्हणून तुम्हाला कौतुकानं लिहिलं, तेव्हा ती नावं कचऱ्यात गेलेली होती. मला माहीत नव्हतं. पण मी विचारलंही नव्हतं.

आता जे मी कधीच लिहिलं नाही ते लिहिते. आवाज तुमचा आहे. सगळा. परतताना गाडीत मी दोन्ही दिवस ठरवत होते की पुण्यात उतरल्यावर रंगनाथरावांना सांगायचं, रेडिओला खरं नाव द्या. उतरले तर फलाटावर हार घेऊन माणसं उभी. चोवीस वर्षांची होते. हार घातला आणि बोलायचं राहून गेलं. मग दर वर्षी थोडं थोडं राहत गेलं.

रेडिओवर ऐकून आयांची पत्रं आली. चौदा. ‘ताई, तुम्ही माझ्या लेकाचं नाव घेतलंत.’ मी प्रत्येकीला उत्तर दिलं. भैरूच्या आईलाही. त्यानं दिलेला लाडू मी खाल्ला, फार चांगला होता, असं लिहिलं. काय वाईट केलं, असं तेव्हा वाटायचं. त्या बायकांना धीरच दिला ना?

आमच्या ह्यांनी रेडिओवर ती लावणी ऐकली आणि म्हणून मला मागणी घातली. लग्नानंतर कितीदा म्हणाले, एकदा म्हणून दाखव. मी म्हणायचे, लावणी घरात शोभत नाही. परवा त्यांना खरं सांगितलं. ते वर्तमानपत्र वाचत होते. पान उलटत म्हणाले, ‘आनंदला झोपवताना तू अंगाई म्हणायचीस, तेव्हाच मला शंका आली होती.’ एकोणतीस वर्षं हा माणूस गप्प बसला होता. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

आनंदला म्हटलं, वेष्टनावर नाव बदल. तो म्हणाला, सीड्या अमेरिकेतल्या मंडळांना गेल्या, आता उकरलंस तर कंपनीची शोभा होईल. फार तर पुढच्या वेळी ‘सहगायन’ म्हणून नाव घालू. तो माझाच मुलगा आहे.

तुम्ही सांगाल ते करते.

सरोजिनी


वाघोली,
१४ जानेवारी २००२

बाई,

आज संक्रांत. गोड बोलायचा दिवस. मला बोलताच येत न्हाई, तवा सुटले.

सहगायन नको. माझ्या संगं कुणी गायलं न्हवतं.

आन् त्या लाडवाचं. तो तुमी खाल्ला न्हाई. ट्रकाच्या फळीवर ठेवून दिलात आन् हात रुमालाला पुसलात. कार्यक्रम संपल्यावर मी तो उचलला, कपाळाला लावला. दगड झाला व्हता. फळीवर आपटून फोडला, अर्धा दशरथाला दिला, अर्धा मी खाल्ला. आता कळलं की तुमी तो त्याच्या आईला पत्रातनं खाऊन दाखवलात. माझा आवाज घेतलात ते एक वेळ समजू शकते बाई, भिऊन घेतलात. पर लाडू? तो बी ठेवला न्हाईत?

मला सतराच्या सतरा नावं पाठ हायेत. हिंदुराव मसूरचा, वैजनाथ परळीचा, सुदर्शन, तो लाजत व्हता, त्यानं गाव सांगितलंच न्हाई. बाकीची बी लिहून देते कधी. काय उपयोग? ती कागदावरची नावं न्हाईत, हाकंची हायेत.

सांगाल ते करते म्हणता तर हे करा. लोणीला जा. एकट्या. मुलगा नको, गाडी नको. त्या बाईसमोर बसून सांगा की नाव कुणी घेतलं आन् लाडू कुणी खाल्ला. मला सांगू नका, मला ठावं हाय.

मुक्ताई


कोथरूड, पुणे,
२८ जानेवारी २००२

मुक्ताबाई,

काल गेले होते. पीएमटीनं गेले, एकटी. थांब्यावर उतरून विचारत विचारत गेले. भैरूच्या आई अंगणात तूर पाखडत होत्या. मला ओळखलं. ‘बसा,’ म्हणाल्या आणि पाखडत राहिल्या.

मी सांगितलं. घसा, ताडपत्री, नऊवारी, सगळं. मी शिक्षिका होते, अवघड गोष्ट सोपी करून सांगायची मला सवय आहे. पण हे सांगताना चार वेळा अडखळले. त्या पाखडतच होत्या. लाडवापाशी आले तेव्हा सूप खाली ठेवलं.

‘ते ठावं हाय मला,’ म्हणाल्या.

मी म्हटलं, काय?

‘तुमी खाल्ला न्हाई ते. तुमी लिवलं, बेसनाचा लाडू लई ग्वाड व्हता. आमच्या घरी त्या साली बेसन कुठलं? शेंगदाण्याचा व्हता. पत्र वाचून घेतलं तवाच म्हनलं, हिनं खाल्ला न्हाई.’

मुक्ताबाई, तीस वर्षं त्या बाईला माहीत होतं. मी विचारलं, मग तुम्ही कुणाला बोलला का नाहीत? तर म्हणाल्या, ‘बोलून काय? त्यात माझ्या पोराचं नाव लिवल्यालं व्हतं. फेकून कसं द्यावं?’

आत जाऊन ट्रंकेतून पत्र घेऊन आल्या. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेलं. माझं अक्षर, माझी सही, १९७२. घड्यांवर चिरलेलं. गावात जो शिकलेला येईल त्याच्याकडून वाचून घ्यायच्या म्हणे.

मग विचारलं, ‘खाल्ला कुणी?’

मी तुमचं नाव सांगितलं. अर्धा तुम्ही, अर्धा ढोलकीवाल्यानं. कपाळाला लावून. त्यावर त्यांनी पदर तोंडाला लावला. ‘खाल्ला म्हनायचा पोराचा लाडू कुनीतरी,’ एवढंच म्हणाल्या. मला म्हणाल्या, तिला घेऊन या, एकदा नाव घेऊ दे. मी सांगितलं, त्यांचा आवाज गेला. टेपही गेली. आमच्याकडून गेली.

‘मंग आता माझ्या पोराची हाक कुटंच न्हाई,’ म्हणाल्या आणि पुन्हा सूप उचललं. मला रडू आलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही, आणि बरोबर केलं. निघताना पत्र माझ्या हातात दिलं. ‘हे तिला द्या. जिनं खाल्ला तिची सही आना.’

पत्र सोबत आहे. माझी सही मी खोडलेली नाही. ते तुम्ही करा. मी वर्तमानपत्राला खुलासा लिहून पाठवला आहे. अजून छापलेला नाही. आनंद माझ्याशी बोलत नाही.

तुम्ही मला क्षमा करावी असं लिहिणार होते. लिहीत नाही.

सरोजिनी


वाघोली,
५ फेब्रुवारी २००२

बाई,

पत्र मिळालं. तुमची सही खोडली. ‘बेसनाचा’ खोडून ‘शेंगदाण्याचा’ लिहिलं. खाली माझं नाव घातलं.

ऐतवारी सोनू लोणीला जाऊन देऊन आली. म्हातारीनं तिच्याकडनं सगळं वाचून घेतलं, सहीवर बोट ठेवून विचारलं, ही तिची ना? मग ट्रंकेत ठेवलं. सोनूला म्हणली, ‘तू तिची नात. तू एकदा हाक मार.’ सोनूनं मारली. पोरगी दिवसभर इंग्रजीत हळू बोलून बोलून घसा बारीक करून बसलीय. म्हातारी म्हणली, ‘न्हाई जमलं,’ आन् तिला चहा दिला.

खुलासा छापून आला न्हाई. सोनू रोज पेपर बघते.

तीस वर्षं आवाज माझा व्हता आन् नाव तुमचं. आता त्या ट्रंकेत अक्षर तुमचं हाय आन् सही माझी. फिट्टंफाट झाली असं मात्र समजू नका.

मुक्ताई